पाठीवरची पेन्सिल

"तुला काय कळतं गं त्यातलं?"

मित्रांनो, माझ्या कानावर पडलेले हे पहिले रागाचे वाक्य. तेव्हा माझ्या अंगावर अजून एकही अक्षर नव्हते. वाक्य मला उद्देशून नव्हते, पण ते ज्याचे होते त्याच्याच हातात मी होते. त्याने रागाने टाक उचलला आणि निबेतून टपकन एक थेंब माझ्या कपाळावर पडला. तो डाग आजही तिथेच आहे.

मी एक जुनी चिठ्ठी आहे. शब्दकोशातली चिठ्ठी. तुमच्या तळहातावर मावेन एवढीच. मोठे कोश आधी पुस्तकात लिहीत नाहीत. एका शब्दाला एक चिठ्ठी, अशा हजारो चिठ्ठ्या लिहायच्या, लाकडी खणांत ओळीने उभ्या करायच्या, आणि सगळ्या जमल्या की मग छापायला काढायचे. आमचा कोश जर्मन शब्दांचा अर्थ मराठीत सांगणारा. माझ्या वाट्याला आलेला शब्द होता 'क्यून'. म्हणजे धीट, धाडसी.

मला जन्म दिला बांधणीवाल्याने. वह्यांच्या पुठ्ठ्यांतून उरलेला जाड कागद तो आमच्यासाठी कापायचा. मला कापताना त्याची सुरी जरा घसरली. वरची कड तिरपी गेली. "राहू दे, एवढ्यासाठी कागद कशाला फुकट घालवायचा," असे म्हणून त्याने मला गठ्ठ्यात सरकवले. त्यामुळे खणात उभी राहिले की माझा एक कोपरा बाकीच्या बहिणींपेक्षा दोराभर वर यायचा. खाली प्रत्येकीला एक भोक, त्यातून पितळेची सळई ओवलेली. पडायची भीती नाही, आणि पळायचीही सोय नाही.

आमचे घर म्हणजे छापखान्याच्या वरच्या बाजूची लांबट खोली. दोन खिडक्या, एक लांब टेबल, भिंतीला खणांची कपाटे. खालून यंत्राचा ठेका यायचा, ठकाठक, ठकाठक, आणि टेबलावरच्या पेल्यांतले पाणी त्या ठेक्यावर गोल गोल थरथरायचे.

त्या खोलीत माणसे फार नव्हती. कोशाचे कर्ते मास्तर. त्यांची धाकटी बहीण, जिला सगळे आत्या म्हणत, कारण मास्तरांची लेक चिमी तिला आत्या म्हणायची. चिमी तेव्हा चार वर्षांची होती आणि टेबलाखाली बसून वाया गेलेल्या चिठ्ठ्यांच्या बाहुल्या कापायची. तिची कात्री जवळ आली की आम्ही एकमेकींना चिकटायचो.

आत्या आली होती नुसती नक्कल करायला. तिचे अक्षर मोत्यासारखे, म्हणून मास्तरांनी बोलावले. पण नक्कल करता करता तिला जर्मन उमगू लागले. वरण उतू जाऊ नये म्हणून लक्ष ठेवावे तसे ती एकेका शब्दावर लक्ष ठेवायची. कोणी शिकवले नाही. कोणी विचारलेही नाही.

माझ्या जन्माच्या दिवशी तिने पहिल्यांदा तोंड उघडले होते. शब्द होता 'फ्रीडहोफ', म्हणजे दफनभूमी. मास्तरांनी चिठ्ठीवर लिहिले होते, शांततेचं अंगण. आत्या हळूच म्हणाली, "दादा, मला वाटतं, ते शांततेवरून नाहीये. कुंपणावरून आहे. कुंपण घातलेलं अंगण. शांतता लोकांनी मागून जोडली."

बांधणीवाला गठ्ठा घेऊन दारात उभा होता, आणखी दोन पाहुणे खुर्चीत होते. मास्तरांचा चेहरा उतरला. मग ते वाक्य आले.

"तुला काय कळतं गं त्यातलं?"

आत्याने मान खाली घातली आणि नक्कल पुढे सुरू केली. पाहुणे उगाच खिडकीबाहेर बघू लागले. आणि मास्तरांनी तशाच रागात माझ्यावर लिहून टाकले: 'क्यून. धीट, धाडसी. मूळ शब्द क्यूल, म्हणजे थंड. संकटात ज्याचं डोकं थंड राहतं, तो धीट.'

किती सुंदर, नाही का? मलाही वाटले. मी कितीतरी दिवस त्या ओळीच्या तोऱ्यात उभी होते. शेजारची 'क्यूल' तर मला लेकच म्हणू लागली होती.

मास्तर वाईट माणूस नव्हते, मित्रांनो. हजारो चिठ्ठ्या त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिल्या होत्या. त्यांना शब्दांची माया होती, आणि माया असलेल्या माणसाला सुंदर गोष्ट लवकर खरी वाटते. एवढाच त्यांचा दोष.

आणि त्यांनी एक चांगला नियम केला होता. चिठ्ठीच्या तोंडावर शाई फक्त लिहिणाऱ्याची. दुसऱ्या कोणाला काही चुकीचे वाटले, तर त्याने पाठीवर पेन्सिलीने लिहायचे, नाव न घालता. वर्षातून एक दिवस मास्तर सगळ्या चिठ्ठ्या सळईवरून काढून उलटवून बघत. पटले तर स्वतः तोंडावर शाईने दुरुस्त करत. त्या दिवसाला सगळे पाठपाहणी म्हणायचे. कोणाचा अपमान नाही, कोणाची फुशारकी नाही.

माझ्या जन्मानंतर दोन वर्षांनी जर्मन शब्दांची मुळे सांगणारा एक जुना जाडजूड ग्रंथ खोलीत आला. आत्या महिनाभर दुपारी तो वाचत होती. एक दिवस ती माझ्या खणापाशी आली. न बघता, बोटाने माझी तिरपी कड शोधून, सळई सोडून तिने मला वर काढले आणि उलटे केले. तिच्या पेन्सिलीचे टोक कडक होते, सुईसारखे. माझ्या पाठीवर तिने लिहिले:

'क्यूलशी, थंडपणाशी संबंध नाही. जुनं रूप कुओनी. ओळखणं, येणं, जमणं या अर्थाच्या शब्दांच्या घरातलं. मूळ अर्थ, जाणणारा, ज्याला येतं असा. आपल्या जाणणे या शब्दाचंही त्या घराशी फार दूरचं नातं.'

म्हणजे मी थंडीची लेक नव्हतेच. मी जाणत्या घरची होते! ज्याला ठाऊक आहे, तो धीट. कुठे त्या परक्या देशातला शब्द आणि कुठे आपले जाणणे, आणि दोघांची पणजी एक.

वाटले, आता पाठपाहणी आली की मास्तर वाचतील, हसतील, शाई भरतील.

पाठपाहणीच्या सकाळी आत्या सगळ्यांच्या आधी आली. तिने सळई सोडली, मला काढले आणि आपल्या वहीत ठेवून दिले. संध्याकाळी पाहणी संपल्यावर परत जागेवर लावले.

पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी तेच.

लिहायचे धैर्य तिला झाले, दाखवायचे झाले नाही. वहीच्या अंधारात मी तिच्या श्वासाचा आवाज ऐकायची. चिठ्ठ्या लावताना ती स्वतःशीच गुणगुणायची, तिनेच जुळवलेले दोन चरण होते ते:

कागदा रे कागदा, तुला तोंड, तुला पाठ,
तोंड बोले चारचौघांत, पाठ बांधी मनी गाठ.

इतर बहिणी म्हणायच्या, काय गोड गळा आहे. मला मात्र ते गाणे टोचायचे. गाठ माझ्याच पाठीवर होती.

दिवस जात राहिले तशी गाठ घट्ट होत गेली. कारण मास्तरांना ती थंड डोक्याची गोष्ट फार आवडू लागली होती. कुठे भाषण असले की शेवट ठरलेला. "धीटपणा म्हणजे गरम रक्त नव्हे, मंडळी. धीटपणा म्हणजे थंड डोकं. जर्मन भाषेनं हे शब्दातच लिहून ठेवलंय." टाळ्या पडत. कोशाची प्रस्तावना लिहिली, तिची सुरुवातही त्याच गोष्टीने. दर टाळीगणिक आत्याला बोलणे एक पायरी अवघड होत गेले. आता बोलायचे म्हणजे चिठ्ठी सुधारायची नव्हती. आता भावाच्या हातातून त्याची लाडकी गोष्ट काढून घ्यायची होती.

मग मास्तरांची नजर गेली. एकदम नाही, कागदाच्या कडेकडून पिवळे पडत जावे तशी. आधी पाठपाहणी बंद झाली. मग वाचन. चिमी आता मोठी झाली होती, चष्मा लावून ऐटीत टेबलाच्या खुर्चीवर बसायची. ती चिठ्ठ्या मोठ्याने वाचायची, मास्तर ऐकायचे, आणि आत्या समोरचे प्रूफ त्याच्याशी ताडून बघायची. पान बरोबर असले की आत्या खाली लिहायची, 'छापायला हरकत नाही', आणि सही करायची. त्या सहीशिवाय खाली यंत्र फिरत नसे.

हे सगळे नीट लक्षात ठेवा. कारण आता ती दुपार येते आहे.

आधी एक छोटी गोष्ट. एफच्या खणाची पाने छापायला निघाली, तेव्हा 'फ्रीडहोफ'च्या चिठ्ठीवर 'कुंपण घातलेलं अंगण' असे शाईने लिहिलेले निघाले. अक्षर मास्तरांचे. चिमीने वाचले. आत्याची पेन्सिल क्षणभर थांबली. मास्तर खिडकीकडे तोंड करून बसले होते. आत्याने बरोबरची खूण केली आणि पान उलटले.

आता ती दुपार.

केच्या खणातला शेवटचा फर्मा यंत्रावर चढायचा होता. फर्मा म्हणजे एकदम छापायची सोळा पाने. पंधरा तयार होती. सोळाव्या पानावर मी होते. हे छापले की शिशाच्या अक्षरांचे खिळे सुटे करून पुढच्या अक्षराला लावायचे, मग दुरुस्तीला वाव नाही. खिळे जुळवणारा जुळारी काळ्या बोटांनी दारात उभा होता.

"चार वाजेपर्यंत द्या बाई. यंत्राला तेल पाजून ठेवलंय, नुसतं हंबरतंय."

"झालंच," चिमी म्हणाली. "कूगेल. गोळा, गोळी, चेंडू."

"बरोबर," आत्या म्हणाली.

"कू. गाय."

"आली का गाय?" जुळारी म्हणाला. "मग तिला सोडा की लवकर. गोठा केव्हाचा मोकळा आहे."

मास्तर हसले. आत्या हसली नाही. तिच्या हातातली पेन्सिल मला खणातून दिसत होती. तिचे टोक प्रूफच्या कागदावर टेकून उभे होते, आणि कागदाला त्या जागी खळगा पडत होता.

"क्यूल. थंड, गार."

"बरोबर."

शेजारीण गेली. सळई सरकली. चिमीची बोटे माझ्या तिरप्या कडेवर आली. मित्रांनो, बावीस वर्षे मी या क्षणाची वाट बघितली होती, आणि आता तो आला तर मला वाटले, माझे भोक फाटावे आणि मी टेबलाखाली पडावे.

"क्यून," चिमी वाचू लागली. "धीट, धाडसी. मूळ शब्द क्यूल, म्हणजे थंड. संकटात ज्याचं..."

"...डोकं थंड राहतं, तो धीट," मास्तरांनीच वाक्य पुरे केले. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर समाधान. "चला. पुढे."

चिमीने मला बाजूला ठेवायला हात वळवला.

आत्या 'बरोबर' म्हणाली नाही.

खाली यंत्र थांबलेले होते. पेल्यातले पाणी स्थिर होते. इतके स्थिर मी ते कधी पाहिले नव्हते.

"आत्या?" चिमी म्हणाली.

"आत्याबाई, चारला दहा कमी," जुळारी म्हणाला.

"पुढे म्हटलं ना मी," मास्तर म्हणाले.

आत्याने पेन्सिल खाली ठेवली. तिचा आवाज निघाला तेव्हा तो तिचाच आहे हे मला आधी कळलेच नाही, इतका तो कोरडा होता.

"चिमे, उलट ती. पाठ वाच."

"पाठ? आत्ता?"

"वाच म्हणते ना."

चिमीने मला उलटे केले. चष्मा वर सरकवून ती उजेडाकडे वळली, कारण पेन्सिल पुसट झाली होती. तिने वाचले. थंडपणाशी संबंध नाही. जुने रूप. जाणणारा, ज्याला येतं असा. शेवटच्या ओळीपर्यंत तिचा आवाज बारीक होत गेला. मग ती म्हणाली, "आत्या, हे अक्षर तुझं आहे."

"माझंच."

"कधीचं?" हा आवाज मास्तरांचा होता.

"वीस वर्षं झाली, दादा."

मास्तरांच्या खुर्चीचे पाय फरशीवर करकरले.

"वीस वर्षं! आणि मी गावोगाव ती गोष्ट सांगत फिरलो. तू पहिल्या रांगेत बसून ऐकत होतीस!"

"टाळ्यासुद्धा वाजवल्या," आत्या म्हणाली.

"आणि पाठपाहणीला? तेव्हा मला दिसत होतं की. ही चिठ्ठी माझ्या हातात कशी आली नाही?"

"मी काढून ठेवायची. सकाळी काढायची, संध्याकाळी लावायची."

"माझ्यापासून लपवलंस?"

"हो."

जुळाऱ्याने काळी बोटे मागे लपवली, जणू गुन्हा त्यानेच केला होता.

"का?" मास्तर ओरडले. "आग लागो त्या गोष्टीला! खरं माहीत होतं, तर बोललीस का नाही?"

आत्याने समोरचे प्रूफ सरळ केले. मग अगदी हळू म्हणाली, "बोलले होते एकदा. फ्रीडहोफच्या वेळी."

मास्तरांनी तोंड खिडकीकडे वळवले.

"आज पण नसते बोलले," आत्या पुढे म्हणाली. "पण या पानाखाली मला सही करायची आहे. तू चुकलास तर ती चूक आहे, दादा. माहीत असून मी सही केली, तर ते खोटं. मला कळतं त्यातलं. मला कळतंय ते मी आज सांगितलं. आता तू ठरव."

मित्रांनो, माझ्या तोंडावर धीट हा शब्द लिहिला होता, पण धीट कसे दिसते ते मी तेव्हा पाहिले. त्याचे डोके थंड नव्हते. त्याच्या कपाळावर घाम होता. त्याला फक्त ठाऊक होते.

मास्तरांनी हात पुढे केला. "दे इकडे."

चिमी घाबरली. मीही. तो हात मला फाडू शकला असता. कोश त्यांचा, शाई त्यांची. चिमीने आत्याकडे बघितले. आत्याने मान हलवली आणि मी मास्तरांच्या तळहातावर आले.

त्यांनी आधी माझ्या तिरप्या कडेवरून बोट फिरवले. मग मला उलटे केले. आत्याच्या कडक पेन्सिलीने माझ्या पाठीवर बारीक चर पडले होते. डोळ्यांना पुसट, पण बोटाला स्पष्ट. मास्तरांचे बोट पहिल्या ओळीवरून गेले, दुसरीवरून गेले. ते परत मागे आले. असे तीनदा झाले. काही ठिकाणी पेन्सिल इतकी दाबलेली होती की कागद पुढच्या बाजूला फुगला होता. तिथे बोट थांबायचे.

"मास्तर," जुळारी दबक्या आवाजात म्हणाला, "फर्मा चढवू की थांबवू?"

"थांबव."

"आणि प्रस्तावना?" चिमीने विचारले.

"ती कुठे छापलीय अजून. पहिलं पान फाड. नव्यानं लिहू." मग ते जरा वेळाने म्हणाले, "सुंदर होती गं ती गोष्ट."

"होती," आत्या म्हणाली. "मलाही आवडायची."

पुढचे सांगण्याआधी माझे एक ऐका. आज कोश छापून जुना झाला आहे. आमचे खण माळ्यावर आहेत, सळया गंजल्या आहेत आणि 'कू'च्या अर्ध्या चिठ्ठीवर वाळवीने जेवण केले आहे. आमची दया करा असे मी म्हणत नाही. पण तुमच्या घरी जुना कागद असेल, जुनी वही असेल, कोणाची जुनी चिठ्ठी असेल, तर टाकून देण्याआधी एकदा उलटून बघा. आणि घरात एखादे माणूस फार दिवस गप्प असेल, तर त्याला काय कळते ते विचारा. पण खरोखर ऐकायचे असेल तरच विचारा.

तर, मी मास्तरांच्या हातात होते. त्यांनी चाचपडत दौत ओढली, टाक बुडवला, आणि मला टेबलावर सरळ केले. नियमाप्रमाणे शाई ज्याची त्यानेच भरायची. टाकाचे टोक माझ्यावर आले, पण कुठे टेकायचे ते त्यांना दिसेना. ते हवेतच फिरत राहिले. पुन्हा एक थेंब पडणार असे मला वाटले.

मग त्यांनी टाक उलटा धरून बहिणीपुढे केला.

"तू भर."

"चिठ्ठी तुझी आहे, दादा. शाई तुझी."

"तोंडावर भर म्हणतोय. तुझ्या अक्षरात."

आत्याने टाक घेतला. माझ्या तोंडावरच्या जुन्या ओळीवर तिने एक सरळ रेघ मारली, आणि खाली लिहिले. वीस वर्षे पाठीवर वागवलेले ते शब्द तोंडावर येताना गार लागले. जुळाऱ्याने चिठ्ठी मागितली, तेव्हा आत्याने मला आधी फुंकर घालून वाळवले. ती खाली वाकली होती, आणि मास्तर तिच्या वाकलेल्या डोक्याकडे तोंड करून बसले होते. दिसत नव्हते त्यांना, तरी.

"ताई," ते म्हणाले. धाकट्या बहिणीला त्यांनी अशी हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती.

"काय रे?"

"फ्रीडहोफ. मी त्याच दिवशी संध्याकाळी दुसरा एक कोश काढून बघितला होता. तुझंच बरोबर होतं."